राखेची अर्धी टेकडी

"पण सर, पूर्वेकडची अर्धी टेकडी तुम्ही खणली का नाहीत?"

उपळेकर उभाच होता. खांबेटे सरांनी खुर्ची पुढे सरकवली तरी बसेना. रायचूरहून थेट आला होता, बुटांवर अजून राख होती.

कृष्णेपलीकडची ती राखेची टेकडी म्हणजे सरांची सगळी हयात. गावकरी तिला राक्षसाची चिता म्हणत. नवाश्मयुगात तिथे गुरं पाळणारी माणसं राहत होती आणि ही राख त्यांच्या गुरांच्या शेणाची आहे, हे सरांनी दाखवून दिलं. गोठ्यांना चुकून आग लागली असावी, असंही लिहिलं. चाळीस वर्षं सगळे तेच शिकवत आले.

सर शेंगा सोलत होते.

"तू खणलीस ना? मग तूच सांग काय निघालं."

उपळेकर दारापर्यंत गेला, परत आला. उद्या परिषदेत त्याला निबंध वाचायचा होता. ज्यांनी हातात खुरपी धरायला शिकवलं, त्यांना आधी सांगितल्याशिवाय तो वाचणं त्याला जमणार नव्हतं.

"आग चुकून लागलेली नाही, सर. राखेचे सतरा थर आहेत. प्रत्येक थरावर मातीचं लिंपण. ती माणसं शेण मुद्दाम जाळत होती… पुन्हा पुन्हा."

"म्हणजे मी चुकलो."

उपळेकर बुटांवरची राख बघू लागला.

"अरे, बोल की!"

"हो, सर."

सर खदखदून हसले. उठून त्यांनी त्याच्या हातावर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवला.

"किती वाट बघायला लावलीस रे! त्यासाठीच तर अर्धी ठेवली होती."

उपळेकर एकदाचा बसला. महिनाभराची धाकधूक गेली, आणि खरं सांगायचं तर गडी जरा फुशारलाच.

"मी मात्र काही बाकी ठेवलं नाही, सर. पार खालच्या खडकापर्यंत गेलो. आता कुणाला शंका काढायला जागाच नाही."

सरांचा हात थांबला.

"काहीच ठेवलं नाहीस?"

"चिमूटभरसुद्धा नाही."

सरांनी शेंगा बाजूला सारल्या. त्यांना त्याची फार दया आली होती.

उपळेकर पुन्हा उठून उभा राहिला. "काय झालं, सर?"

"माझ्याकडे आज तू आलास," सर म्हणाले. "तुझ्याकडे कोण येणार?"