हबशिणीच्या झऱ्यावरची हाक

खाजणवाडीच्या खाडीकाठी हा झरा आहे. इथे पाणी भरणारी बाई हंडा बुडवण्याआधी जीभ टाळूला लावून एकदा ‘टक्’ वाजवते आणि क्षणभर थांबते. पाहुण्यांना हसू येते. मग झऱ्याची राखण करणारे पदाजी म्हात्रे त्यांना पायरीवर बसवून सांगतात ते असे.

फार वर्षांपूर्वी फुटलेल्या गलबतातून एक हबशीण या काठाला लागली. तिच्या मुलखात म्हणे जीभ वाजवूनच एक अक्षर होई. आपला ‘क’ तसे त्यांचे ते ‘टक्’. तिच्या नावात ते दोनदा येई. तिने नाव सांगितले आणि गाव खो खो हसला.

“अगो बाय, असा त आमी बैलाला हाकताव!”

चांगुणा नावाच्या आगरी विधवेने तिला घरात घेतले. दोघींनी वीस वर्षे मिठागरात मीठ ओढले. हबशीण इथली बोली शिकली, पण तिचे नाव घ्यायला चांगुणाची जीभ वळेना. ती तिला नुसते ‘बाय’ म्हणे.

हबशिणीने अंथरूण धरले तेव्हा तिने एकच मागितले. तिच्याकडे म्हणे मरणाऱ्याला नावाने हाक मारून वाटेला लावतात. हाकेविना गेलेल्याला पूर्वज ओळखत नाहीत.

“वीस वरसां माजा नाव कोनी घेतला नाय. तू घे गो.”

चांगुणा दुपारभर झटली. नुसते ‘टक्’ जमे, पण शब्दात धरायला गेले की जीभ अडे. तिला स्वतःच्या तोंडाचा संताप आला, रडू आले. हबशीण तिच्या ओठांकडे बघत राहिली आणि बघता बघताच गेली.

चौथ्या दिवशी चांगुणा बैल घेऊन इथून चालली होती. तेव्हा इथे कोरडा खडक होता. बैल अडला, तिने सवयीने जीभ वाजवली, आणि त्या आवाजाला धरून अख्खे नाव तोंडातून बाहेर पडले. अगदी हबशीण घेई तसे. चांगुणा बैल सोडून तिथेच बसली. दिवस बुडेपर्यंत ती हाका मारत होती. संध्याकाळी खडकाला पाझर फुटला, असे सांगतात. ओ मात्र आली नाही.

तेव्हापासून खाजणवाडीत बैलाला जीभ वाजवून कोणी हाकत नाही. चांगुणाने सुनांना ते नाव शिकवायचा फार प्रयत्न केला, पण एकीलाही जमले नाही आणि ते तिच्याबरोबर गेले. म्हणून बायका तेवढे एक अक्षर वाजवतात, थांबतात आणि खडकाकडे बघून म्हणतात, “बाय, फुडचा येत नाय गो.” मग हंडा बुडवतात.