तालमीतला मदरबोर्ड

“मग वस्ताद, दोन्हींतला कुठला बसवू?”

सुबराव वस्ताद हौद्याच्या काठावर बसून कुस्तीची माती चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

धैर्यशीलने दोन्ही खोकी त्यांच्या पुढ्यात उघडून ठेवली. एकात जेवणाच्या ताटाएवढा मदरबोर्ड, दुसऱ्यात बशीएवढा. मग तो समजावून सांगायला लागला, आणि तो एकदा सुरू झाला की आवरणं कठीण.

तालमीच्या माडीवर होम थिएटर करायचं ठरलं होतं. वर्धापनदिनाला जुने पैलवान जमणार, आणि भिंतभर पडद्यावर वस्तादांच्या तरुणपणीची एक कुस्ती बघणार. ती फिल्म धैर्यशीलनेच कुठून कुठून शोधून काढली होती. पडदा त्याचा, स्पीकर त्याचे, कॉम्प्युटरही तोच बांधणार होता. कोल्हापुरापासून सांगलीपर्यंत बंगल्याबंगल्यांतून त्याने बसवलेली थिएटरं होती, आणि हे तो कुणालाही न विचारता सांगायचा.

“ह्या पाटीवर बाकीचं सगळं बसतं,” तो म्हणाला. “हा मोठा म्हणजे राजा आहे. कितीही कार्डं लावा. अंगावर रंगीत दिवे. काचेच्या पेटीत ठेवला की बघत राहाल. हा धाकटा आपला साधा. पंखासुद्धा नाही त्याला. चित्र दाखवील, आवाज देईल, बास.”

“म्हंजे सगळे हिच्यावर उभे राहणार?”

“हो.”

“तुझ्या मनात कुठला हाय?”

“मोठा.”

“मग मला कशाला इचारतोस?”

वस्तादांनी चाळणी झटकली. एक बारीक खडा निघाला, तो त्यांनी लांब भिरकावला आणि पुन्हा मातीत हात घातला.

धैर्यशील काय विचारायला आला होता ते दोघांनाही ठाऊक होतं. बोर्ड हे निमित्त. लहानपणी तो ह्याच हौद्यात घुमला होता. पहाटे उठून माती खणायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू कालवायचं, ह्या कामाचा त्याला भारी कंटाळा. त्याला कुस्ती करायची होती, गडीकाम नाही. त्याने खणलेल्या मातीत हमखास खडा राहायचा. लढताना कुणाच्या तरी गुडघ्याला तो टोचायचा, कुस्ती थांबायची आणि सगळी तालीम खाली बघायची. वस्ताद मात्र कधी ओरडले नाहीत. स्वतः खाली वाकून खडा उचलायचे.

पुढे तो कॉम्प्युटर शिकायला पुण्याला गेला, आणि लंगोट खुंटीला लागला तो लागलाच.

जिंकून आलेल्या पठ्ठ्याच्या पाठीवर वस्ताद एकच थाप मारायचे. तोंडाने शाब्बास नाही, काही नाही. फक्त थाप. धैर्यशीलच्या पाठीवर ती कधी पडलीच नाही. बंगलेवाल्यांनी त्याचं तोंडभर कौतुक केलं, पण त्याची पाठ अजून त्या थापेची वाट बघत होती. आता माडीवर असं काही उभं करायचं की म्हाताऱ्याचा हात आपोआप उचलला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

त्याने मोठा बोर्ड बसवला.

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी माडी गच्च भरली. खिडक्यांना पडदे लावले, दिवे मालवले, आणि कोपऱ्यातली काचेची पेटी जिवंत झाली. लाल, मग निळा, मग हिरवा. आत पंखे घोंघावत होते.

“नाद खुळा!” मागून कुणीतरी म्हणालं. “गणपतीची आरास हाय का काय!”

म्हातारे पैलवान माना वळवून पेटीकडे बघायला लागले. ह्यात पाणी फिरतं का, हे दिवे विझत कसे नाहीत, असं काय काय विचारत राहिले. धैर्यशील प्रत्येकाला उत्तर देत होता. त्याची छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं ताणली होती. तिकडे भिंतीवर कुस्ती लागली होती. त्याच भिंतीवर पेटीचे रंग सांडत होते. वीस-बावीस वर्षांचे सुबराव घटकेत हिरवे व्हायचे, घटकेत निळे. हलगीचा आवाज पंख्यांच्या घरघरीत बुडत होता.

पहिल्या रांगेतून वस्ताद उठले.

वस्तादांनी डोक्यावरचा फेटा सोडला. चार माणसांत त्यांना बोडक्या डोक्याने कुणी कधी पाहिलं नव्हतं. पेढा धरलेले हात जागच्या जागी थांबले. त्यांनी फेट्याच्या घड्या उलगडल्या आणि तो सगळा त्या काचेच्या पेटीवर गुंडाळला, थंडीत म्हशीवर पोतं घालतात तसा.

“वस्ताद, तापेल ती!” धैर्यशील पुढे धावला. “बंद पडेल.”

वस्ताद जाऊन आपल्या जागेवर बसले.

माडीवर खरा अंधार झाला. पंख्यांचा आवाज दबला आणि हलगी ऐकू यायला लागली. भिंतीवर दोन तरुण एकमेकांना भिडले होते. पंजाबकडचा तो पैलवान अंगाने दीडपट. सुबरावांनी पायात शिरून त्याचा पट काढला, तो निसटला. त्याने सुबरावांची मान दाबली, सुबराव खालून सुटले. म्हातारे पैलवान बसल्या जागी खांदे हलवायला लागले. पांडबा चव्हाणांनी शेजारच्याची मांडी इतकी घट्ट धरली की तो कळवळला.

पंजाब्याने ढाकेचा डाव टाकायला बगलेत हात घातला… आणि चित्र गेलं. पेटी तापून बंद पडली होती.

माडीभर एकच कालवा झाला. पांडबा ओरडले, “आरं, पडलं कोण?”

सगळ्यांनी वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद काही सांगायच्या बेतात नव्हते. मग सगळ्यांनी धैर्यशीलकडे पाहिलं. फिल्म त्याचीच होती. मशीन लावताना त्याने ती कितीतरी वेळा चालवून बघितली होती.

त्याने रंग बघितले होते, चित्राची धार बघितली होती, आवाज कुठे फाटतो ते ऐकलं होतं. कोण पडलं, ते त्याला माहीत नव्हतं.

“उद्या दाखवतो,” तो कसाबसा म्हणाला.

लाजेने त्याचे कान तापले. सगळ्या गर्दीत कुणी मुस्काटात मारली असती तर बरं, असं त्याला वाटलं. फेटा त्याने स्वतःच सोडवला, नीट घडी घातली आणि वस्तादांच्या हातात दिला. वस्तादांनी तो काखेत धरला आणि बोडक्यानेच जिना उतरले.

दुसऱ्या संध्याकाळी माडी पुन्हा भरली. कोपऱ्यात पेटी नव्हती. “कुठं गेलं ते लायटिंग?” कुणीतरी विचारलं, तेवढ्यात दिवे मालवले आणि हलगी घुमली. बशीएवढा बोर्ड पडद्याखालच्या फळीमागे एका डब्यात गुपचूप बसला होता. त्याचा श्वासही ऐकू येत नव्हता.

पट निघाला, मान दाबली, हात बगलेत गेला. माडीवर कुणी खोकलंसुद्धा नाही. मशीन चालू आहे की नाही, हे धैर्यशीलच्याही ध्यानात राहिलं नाही. तो उकिडवा बसून, मुठी वळून बघत होता.

पंजाब्याने ढाक मारली. सुबराव हवेत उचलले गेले आणि पाठीवर आले. चीतपट.

आपला वस्ताद पडलेला कुणी पाहिला नव्हता, तशी कल्पनाही कुणी केली नव्हती. आणि मग पहिली टाळी वाजली ती पहिल्या रांगेतून.

“काय ढाक मारली गड्यानं,” वस्ताद म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मान अशी ताठ होती की जिंकणाऱ्याचीही नसेल.

मग माडी उठली ती कुस्तीच बोलत उठली. कुणी म्हणे मान सोडवायला उशीर झाला, कुणी म्हणे पट काढला तेव्हाच कुस्ती निकाली व्हायची. जिन्यावर दोन म्हातारे एकमेकांच्या बगलेत हात घालून ढाक कशी लागली ते दाखवत होते. सगळे धैर्यशीलच्या अंगावरून गेले. कुणी त्याला काही म्हणालं नाही. कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तो खाली आला. वस्ताद हौद्याच्या काठावर बसले होते, फेटा पुन्हा डोक्यावर. धैर्यशील त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

“काल सगळ्यांनी माझं नाव काढलं,” तो म्हणाला. “आज कुणी विचारलंसुद्धा नाही, वस्ताद. हे कुणी केलं म्हणून.”

“कुस्ती कशी झाली?”

“एक नंबर. तुम्ही पडलात, पण… एक नंबर.”

“आन् माती कशी होती?”

धैर्यशील आठवायला लागला. सुबरावांच्या मानेची शीर आठवली. पंजाब्याची पकड आठवली, ढाक लागताना सुटलेला पाय आठवला. माती… तो नाही म्हणून मान हलवत राहिला.

“बघितलीच नाही, वस्ताद.”

वस्ताद वाकले. त्यांनी उजवा पंजा हौद्यातल्या मातीत दाबला, उठले, आणि धैर्यशीलच्या पांढऱ्या सदऱ्यावर, बरोबर पाठीच्या मध्यावर, एकच थाप मारली.

“मग चांगली होती.”