दुसऱ्याच्या नावाचं भांडं

"रविवारी सकाळी मला माझ्याच गादीवर बसायला जागा मिळाली, तर तुमच्या रेडिओला वर्षभराची जाहिरात नाही!" त्र्यंबकशेठ म्हणाले. "आणि ऐका, रेडिओवाले. भाव उतरवायचा नाही. फुकट काही वाटायचं नाही. माझा माल चांगला आहे, असंही सांगायचं नाही. चांगला आहेच, त्यात सांगायचं काय?"

"मग सांगायचं काय?" मी विचारलं.

"तेही मीच सांगू? मग तुम्ही पगार कशाचा घेता?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या केंद्रप्रमुख उज्ज्वलाबाई देवल हाच प्रश्न मला दर सोमवारी विचारत. पळसगावच्या छोट्याशा रेडिओ केंद्राचा जाहिरात विभाग म्हणजे मी. साहेबही मीच आणि हाताखालचा माणूसही मीच, त्यामुळे बोलणी दुप्पट बसत. या सोमवारी तर बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "त्र्यंबकशेठची जाहिरात आणा, नाहीतर मला तुमच्या जागेसाठी जाहिरात द्यावी लागेल!"

शेठचं भांड्यांचं दुकान गावात सगळ्यात मोठं. मी तिथंच स्टुलावर बसलो, डोळे मिटले आणि एक गाणं रचलं. रचलं ते रचलं, वर गाऊनही दाखवलं:

"ताट, वाटी, तांब्या, पळी,
त्र्यंबकशेठ गल्लोगल्ली!"

कोपऱ्यात द्वारकाबाई बसल्या होत्या. विकलेल्या भांड्यांवर गिऱ्हाइकांची नावं घालायचं काम त्यांचं. त्यांनी घरघरणारं मशीन बंद केलं. मला वाटलं, गाणं नीट ऐकायचं असेल.

"लोक येतील की, भाऊ," त्या म्हणाल्या, "शेठना काय झालंय ते बघायला!"

शेठ हसले नाहीत. मीही नाही. "द्वारकाबाई, थट्टा करू नका हो," मी म्हणालो, "माझी नोकरी जायची वेळ आलीय."

त्यांना माझी दया आली असावी. हातातली वाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "बोलायला वेळ किती?"

"वीस सेकंद."

"पुष्कळ झाला. लिहून घ्या. तुमच्या फडताळात दुसऱ्याच्या नावाचं भांडं आहे का? रविवारी सकाळी दहा वाजता त्र्यंबकशेठच्या दुकानात आणून द्या. आणि तुमच्या नावाचं भांडं कोणाकडे अडकलंय? तेही तिथंच येऊन बघा!"

"अगं, मी भांडी विकतो की भंगार गोळा करतो?" शेठ ओरडले.

"भाव उतरवला का? फुकट काही वाटलं का? मालाची स्तुती केली का?"

शेठनी बोटांवर मोजून बघितलं. तिन्ही अटी शाबूत होत्या.

"पण एवढ्यावर येईल कोण?" मी विचारलं.

"पंधरा वर्षं नावं घालतेय मी, भाऊ. या गावातली निम्मी नावं दुसऱ्याच्याच घरात नांदतायत!"

जाहिरात तीन दिवस वाजली. रविवारी दहाच्या आधीच दुकानासमोर रस्ता भरला. कोणी पिशवीतून, कोणी पदराआडून भांडी आणत होतं. दुकानात गुपचूप ठेवून सटकायचं, असाच सगळ्यांचा बेत होता. पण भांड्यांचे मालकही आपापलं भांडं शोधायला तिथंच हजर! एका बाईंनी डबा खाली ठेवायच्या आत त्यांच्या जावेनं वर उचलला. "हा माझा पुरणपोळ्यांचा! आणि तुम्ही म्हणाला होतात, तो मांजरानं पाडला!"

मला हसू आवरेना. तेवढ्यात माझी बायको गर्दीतून आली, माझ्या हातात एक डबा कोंबला आणि निघून गेली. मी झाकणावरचं नाव वाचलं: उज्ज्वला देवल. समोर बघतो, तर साक्षात उज्ज्वलाबाई!

"हा डबा मी दोन दिवाळ्यांपूर्वी लाडू भरून दिला होता," बाई म्हणाल्या. त्यांनी झाकण उघडलं आणि आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मीही आत बघितलं. आत काहीच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! मी मागे वळलो, फळीवरचे सहा चमचे उचलले, पैसे दिले आणि चमचे डब्यात घातले. तेव्हा कुठे बाईंनी झाकण लावलं.

इकडे गादीवर परत आलेल्या भांड्यांचा ढीग पडला होता आणि शेठ उंबऱ्याशी एका पायावर उभे होते.

"जागा नाही, कबूल!" ते तिथूनच ओरडले. "पण जत्रा जमवली म्हणजे धंदा झाला का? यातला एक तरी विकत घ्यायला आलाय का?"

"आला कोणीच नाही," द्वारकाबाई म्हणाल्या, "पण शेठ, दुसऱ्याचं भांडं आपल्याकडे रिकामं परत करतात का?"

"छे! निदान चिमूटभर साखर तरी घालतात."

"इथं साखर कुठाय? आणि समोर तर भांड्याचा मालक उभा! मग आत घालायचं काय? मागे वळून फळ्या बघा!"

शेठ वळले. वाट्यांच्या फळीवर एकही वाटी नव्हती. चमचे संपले होते, पेले संपत आले होते. सगळं पुऱ्या भावानं!

"द्वारका! हे तुझ्या मनात होतं, तर आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही साखरही विकायला ठेवली असती!"

शेठ खो खो हसले. इतके हसले, की दाराची चौकट धरावी लागली. हसता हसताच त्यांनी माझ्या कागदावर वर्षभराच्या जाहिरातीची सही ठोकली आणि माझी नोकरी वाचली. मग त्यांनी वरच्या फळीवरचा तांब्याचा मोठा हंडा उतरवून द्वारकाबाईंपुढे ठेवला. "हा तुझा! घाल स्वतःचं नाव!"

द्वारकाबाईंनी हंड्यात वाकून बघितलं.

"शेठ, रिकामाच?"

सगळं दुकान हसलं, आणि सगळ्यात मोठ्यानं शेठ. त्यांनी स्वतःच्या हातानं ताटं, तांबे, पातेली घालून तो हंडा गळ्यापर्यंत भरला. तो द्वारकाबाईंच्या घरी पोचवायला माणूस हवा होता. उज्ज्वलाबाईंनी जाहिरात विभागाकडे बोट दाखवलं.