गडगडाईची कबुली

"तुझा बाप आमच्या तोफेखाली आला, तोफ त्याच्या अंगावर गेली नाही!" त्रिंबकराजे गरजले. "भरपाई कसली मागतेस?"

धुरपा भर दरबारात उभी होती. तिचा बाप, येसबा बुरूड, जाऊन महिनाही झाला नव्हता. गडाच्या उतारावरून राजांची लाडकी तोफ गडगडाई गाड्यासकट सुटली, आणि खाली स्वतःच्याच ओट्यावर सूप विणत बसलेल्या येसबाला चिरडून थांबली. घरात आई आणि धाकटी भावंडं. लढाईत पडलेल्या शिपायाच्या घरी दरसाल धान्य आणि कापड पोचवायचा राज्याचा रिवाज होता. त्याला बालपरवेशी म्हणत. धुरपा तेवढंच मागत होती.

"सरकार, बाप ओट्यावर बसला होता. ओटा काय चालत तोफेम्होरं आला?"

दरबारी फिस्कन हसले. तोफखान्याचे दारोगा अंताजी मिशीला पीळ देत पुढे झाले. "सरकार, गडगडाई आपल्या माणसाला ओळखते! शत्रू सोडून कुणाच्या केसालाही धक्का लावायची नाही."

आता खरं सांगायचं, तर गडगडाईने शत्रू कधी पाहिलाच नव्हता. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागे, भरजरी शालू पांघरला जाई, आणि राजे तिला 'आमची थोरली लेक' म्हणत. लेकीवर आळ आलेला कुठल्या बापाला खपतो?

"ठीक आहे!" राजे म्हणाले. "तोफेला बोलती कर! तिने कबूल केलं, तर बालपरवेशी देऊ. नाही केलं, तर खोटा आळ घेतला म्हणून तुझं बिऱ्हाड राज्याबाहेर!"

आई-भावंडांना घेऊन जायचं कुठे? पण धुरपा मागे हटली नाही.

"करते बोलती! पण जिथं घडलं तिथंच ती बोलंल. उद्या तिला उतारावर उभी करा, आणि आपण आमच्या ओट्यावर बसा. लेकीचं बोलणं बापानंच ऐकावं."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव लोटलं. गडगडाई उतारावर उभी, चाकाखाली धोंडा. खाली ओट्यावर राजे ऐटीत बसले. दारोगा हळूच गर्दीत सरकत होते, तेवढ्यात धुरपा ओरडली, "तुम्हीबी बसा की, दारोगासाहेब! तुम्हाला तर ती चांगलीच ओळखते!"

दारोगा बसले. धुरपा चढून वर गेली, तोफेशी वाकली आणि म्हणाली, "बोल गं बाई!" आणि तिने चाकाखालचा धोंडा लाथेने उडवला.

"कर्रर्र!" चाक करकरलं.

राजांनी ओट्यावरून अशी उडी ठोकली, की पगडी एकीकडे आणि जोडा दुसरीकडे! दारोगा तर त्यांच्याही आधी काट्याच्या कुंपणात जाऊन पडले होते. गडगडाई मात्र वीतभर सरकली आणि गचकन थांबली. मागे जाड दोर होता, चिंचेच्या बुंध्याला बांधलेला.

धुरपा खाली आली. "बोलली, सरकार!"

"काय बोलली?" राजे धापा टाकत म्हणाले.

"ते मी कशाला सांगू? उडी तर आपण मारलीत!"

गाव खदाखदा हसलं. राजे लालबुंद झाले. "दोर बांधला होतास, तर आधी सांगितलं का नाहीस?"

धुरपाने दोराकडे बोट दाखवलं. "आपल्यासाठी मी दोर तरी बांधला, सरकार. माझ्या बापासाठी कुणी बांधला न्हवता."

हसणं थांबलं. राजांनी जोडा उचलला, पण पायात घालायचं त्यांना सुचेना. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, तोफेकडे पाहिलं, मग कुंपणात अडकून 'आई गं' करणाऱ्या दारोगांकडे पाहिलं, आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना!

"लेकीनं बापाचं नाक कापलं की रे! कबुली पोचली, पोरी! तुझ्या घरी बालपरवेशी आजपासून सुरू, आणि तीही दुप्पट! तोफेचा शालू काढा, तो या लेकीला शोभेल. आणि दारोगा, यापुढे गडगडाई कुठलाही उतार उतरली, की तिच्यापुढे तुम्ही चालायचं. ती तुम्हाला ओळखते ना?"

तेव्हापासून गडगडाईच्या गाड्याला मागून दोर लावल्याशिवाय ती गडावरून हलली नाही. आणि त्या दोराची गाठ दारोगा अंताजी स्वतः, पुन्हापुन्हा ओढून बघत.