पुतणीचा चुडा

एका गावात एक कासारीण होती. बांगड्या भरण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, आणि बडबडीतही नव्हतं. बाई समोर बसली, की ही तिचा हात मांडीवर घेई आणि तोंड सुरू करी. कोणाची सासू, कोणाची म्हैस, कोणाचा रुसलेला जावई. बोलण्याच्या नादात हातभर बांगड्या कधी चढल्या, हे बाईला कळतही नसे.

या कासारणीच्या पुतणीचं लग्न ठरलं. हळदीच्या सकाळी नवरीचा हिरवा चुडा भरायला घरचीच काकू बसली. सगळ्या बायका कौतुकाने भोवती जमल्या.

पहिली बांगडी भरतानाच पिचली. दुसरीही पिचली. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, म्हणून बायका "वाढली गं बाई, वाढली" असं पुटपुटू लागल्या. तिसरीने तर नवरीच्या मनगटावर रक्त आलं.

"यंदा काचच कच्ची आलीय," कासारीण म्हणाली. तिने दुसरी माळ सोडली. त्या बांगड्यांचीही तीच गत झाली.

"पोरीचा हातच आडमुठा आहे," ती म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! याच हातात तिने पोर रांगत होती तेव्हापासून बांगड्या भरल्या होत्या.

थोरल्या जावेचा, म्हणजे नवरीच्या आईचा चेहरा उतरला. "अगं, हळदीच्या दिवशी नवरीच्या हातात काच टिकेना, हे काही बरं लक्षण नाही. शेजारच्या गावच्या कासाराला बोलावणं धाडू का?"

नवरीचे डोळे भरून आले. "काकू, माझ्याच पायगुणात काही खोट आहे का गं? सासरी गेल्यावर त्यांचंही असंच काही वाईट होईल का?" मग ती हळूच म्हणाली, "तू आज माझ्याशी एक शब्दसुद्धा बोलली नाहीस."

"छे! काहीतरीच तुझं!" कासारीण इतक्या घाईने म्हणाली, की ते तिचं तिलाच खटकलं.

"थांब, तेल घेऊन येते," म्हणून ती उठली आणि परसात गेली. तेलाची वाटी तिथेच पाटाजवळ भरलेली होती.

केळीच्या सावलीत बसून तिने स्वतःलाच विचारलं, "खरंच, मी का बोलले नाही?"

मनाने लगेच उत्तर दिलं, "लग्नघरची धावपळ. दमलीस तू."

"दमते तर मी दर संक्रांतीला. तेव्हा नाही तोंड थांबत."

"मग ऊन बाधलं असेल."

"सकाळच्या प्रहरी कसलं ऊन?"

तोंडाला गूळ लागलेलं पोर जसं 'मी नाही खाल्ला' म्हणतं, तसं मन टोलवाटोलवी करत होतं. पण कासारीणही काही कच्ची नव्हती. ती तिथून हलेना. शेवटी मन खाल मानेने म्हणालं, "नवऱ्याकडचे ते पाहुणे आधी तुझ्या लेकीला बघायला आले होते."

आलेच होते. पोहे खाल्ले, पानसुपारी घेतली, आणि निरोप धाडला तो पुतणीसाठी. तेव्हा कासारणीने हसत हसत गावभर साखर वाटली होती. "केवढं मोठं मन बाईचं!" असं सगळे म्हणाले, आणि तिलाही ते अगदी पटलं होतं.

"अगं बाई! म्हणजे मला हेवा वाटतोय," ती मोठ्याने म्हणाली. तिला लाज वाटली, फार वाटली. पण त्या लाजेपाठोपाठ छातीवरचं दडपणही उतरलं. काच चांगली होती. पोर चांगली होती. तिच्या हातातली कलाही कुठे गेली नव्हती.

ती आत आली आणि पुतणीसमोर बसली. "पोरी, तुझ्यात काही खोट नाही. पाहुणे माझ्या लेकीला नाकारून गेले, ते मी मनात धरून बसले होते आणि माझं मलाच ठाऊक नव्हतं. बोटं माझी आवळत होती. बोल मात्र तुला लागला."

कोपऱ्यात कासारणीची लेक हळद कालवत होती. ती म्हणाली, "आई, मलाही वाईट वाटलं होतं. उशीत तोंड खुपसून रडले आणि मोकळी झाले. तू मात्र साखर वाटत फिरलीस. तू रडलीच नाहीस."

तेव्हा कासारीण रडली. नवरी रडली, जाऊ रडली. आणि नाक पुसता पुसता कासारणीने नव्या व्याह्यांच्या मिशांबद्दल असं काही सांगितलं, की रडणाऱ्या बायकांना हसू आवरेना. दोन्ही हातांचा चुडा भरून झाला. या खेपेला एकही बांगडी पिचली नाही. आपल्या पायगुणात खोट नाही हे कळल्यावर नवरी दोन्ही हात पुढे करून दारात येईल त्याला चुडा दाखवत सुटली.

हेवा अगदीच गेला असं नाही. लग्न लागताना तो पुन्हा डोकावला. "आलास का?" कासारीण मनात म्हणाली, आणि तिने लेकीचा हात घट्ट धरून नवरीवर अक्षता टाकल्या.

तात्पर्य: आपलं मन आपल्यालाही आधी सोयीचंच उत्तर देतं. त्याला पुन्हा विचारावं. खरं कळलं, की आपणही सुटतो आणि ज्याला उगाच बोल लावला तोही सुटतो.