महिपतमामाचा आरसा

एका गावात एक भोळा ड्रायव्हर होता. महिपत त्याचं नाव. भोळा असं लोक त्याला तोंडावर म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते इथं सांगायला नको, पोरंबाळं बसलीत.

तो थोरल्या बहिणीची, पारूअक्काची, व्हॅन चालवायचा. दाजी वारल्यापासून त्या व्हॅनवर अक्का बाजाराला भाजी पोचवत होती. महिपत मनाचा चांगला. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही, आणि तीच अडचण होती. काहीही सांगा, तो "बरं" म्हणायचा. महिपत "बरं" म्हणाला की शहाणी माणसं रस्ता सोडून कडेला उभी राहायची.

अक्काच्या लेकीचं, वैजूचं, लग्न ठरलं. लग्न नवऱ्या मुलाच्या गावी, मुहूर्त अकरा पस्तीसचा. मुलाचा बाप रंगराव. त्यांनी सुपारी फुटतानाच बजावलं की मुहूर्त टळला तर लग्न मोडलं समजा. पोरगं चांगलं होतं म्हणून अक्कानं ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून तिला एकच घोर, पोरीचा मुहूर्त गाठायचा. आणि गाठून देणार कोण, तर महिपत. देवालाही अधूनमधून चेष्टा करायची हुक्की येते.

लग्नाला आठ दिवस उरले असताना एका म्हशीनं व्हॅनच्या उजव्या आरशाला अंग घासलं. आरसा मान टाकून लोंबायला लागला. महिपत गाडी घेऊन बशीरभाईच्या गॅरेजात गेला. बशीरभाईनं स्क्रू आवळला आणि समजावलं, "हे बघ, ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं. तिथनं दिसेल असा आरसा लावायचा."

"बरं," महिपत म्हणाला.

घरी आला तर अक्कानं वैजूसाठी भिंतीवरचा नवा आरसा आणलेला. तेवढा लावून टाक म्हणाली. महिपत व्हॅनमध्ये सीटवर जाऊन बसला, खिडकीतून जागा हेरली आणि आरसा अंगणात, गोठ्याच्या भिंतीवर ठोकला. सीटवरून झकास दिसायचा. वैजू बिचारी दोन दिवस स्टिअरिंगमागे बसून वेणी घालत होती. कोपर हॉर्नवर पडलं की गोठ्यातली गाय दचकून उठायची.

अक्कानं कपाळाला हात लावला. म्हणाली, "अरे बाबा, ज्याला बघायचंय त्याच्या तोंडासमोर आरसा असावा."

"बरं."

दुसऱ्या दिवशी व्हॅनचा आरसा महिपतच्या तोंडासमोर. बाजाराला निघताना त्यानं गाडी मागे घेतली ती स्वतःच्या मिशा बघत बघत. मिशा होत्याच तशा बघण्यासारख्या. मागचा उकिरडाही होता, पण तो बघणार कोण? गाडी उकिरड्यात उतरली, कडेच्या बाभळीवर आरसा आपटला आणि काच फुटली. त्या दिवशी अक्काची मेथी बाजाराला गेलीच नाही. ती गाईनं खाल्ली. चला, कुणाचं तरी भलं झालं.

पुन्हा बशीरभाई. त्यानं नवी काच बसवली आणि या खेपेला हात जोडून सांगितलं, "गाडी उभी असली की आरशाला पिशवी घालत जा. चिमण्या चोची मारून काचेची वाट लावतात."

"बरं."

महिपत घरी येऊन विचार करायला लागला. करायचा कधीमधी. गाडी काय, घटकाभर उभी असते. घर मात्र बारा महिने उभंच असतं की! भिंतीवरचा आरसा एव्हाना आत आला होता. तो त्यानं खताच्या रिकाम्या पोत्यात घातला आणि वरून सुतळीच्या सात गाठी मारल्या. हळदीच्या दिवशी वैजूला टिकली मध्यावर लागली का कडेला, ते पोत्याला विचारावं लागलं.

असं सगळं चाललेलं. गॅरेजातलं शहाणपण घरात आणि घरातलं गॅरेजात.

लग्नाच्या आदल्या दिवशी बशीरभाई स्वतः येऊन आरसा तपासून गेला. जाता जाता म्हणाला, "ही काच फुगीर आहे बरं का. हिच्यात मागचं लांब दिसतं, पण असतं जवळ. ध्यानात ठेव."

"बरं."

अक्कानंही चुलत मंडळींचा उशिरा आवरायचा स्वभाव ओळखून बजावलं, "बरोबर साडेदहाला वेशीवरनं गाडी हलली पाहिजे. कुणासाठी म्हणून थांबायचं नाही."

"बरं."

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड टेम्पोनं पुढे गेलं. व्हॅनमध्ये फक्त नवरी आणि अक्का. त्या गावची रीत अशी, की सासरी निघालेल्या पोरीनं वेशीवरच्या जाखाईची ओटी भरायची आणि मगच वेस ओलांडायची. मायलेकी खाली उतरल्या. ओटी भरली, नारळ वाढवला, वैजूला जरा रडू आलं, अक्कालाही आलं. तेवढ्यात साडेदहा वाजले.

गाडी हलली. एक सेकंद इकडेतिकडे नाही.

महिपतनं आरशात पाहिलं. नवरी शालू गुडघ्यापर्यंत उचलून पळत होती. मागून अक्का हात हलवत होती. महिपतनंही हात हलवला. दोघी लांब दिसायला लागल्या. लांब दिसतं म्हणजे जवळ असतं, बशीरभाई खोटं कशाला बोलेल? आणखी लांब दिसल्या, म्हणजे आणखी जवळ आल्या. शेवटी ठिपक्याएवढ्या होऊन दिसेनाशाच झाल्या, तेव्हा महिपत निर्धास्त झाला. त्याला वाटलं, आता आत येऊन बसल्या असतील.

अकरा वाजता व्हॅन मांडवापुढं. बँड वाजला, सुवासिनी आरती घेऊन आल्या, दार उघडलं. आत एक ट्रंक आणि अक्षतांची पिशवी. रंगरावांनी विचारलं तेव्हा महिपत म्हणाला, नवरी जवळच आहे. त्यांना वाटलं, मागच्या गाडीत असेल. अकरा दहा झाले, सव्वाअकरा झाले. रंगराव खिशातलं घड्याळ आत ठेवेनात.

साडेअकराला भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला आणि पुकारा केला, "मामा, मुलीला घेऊन या."

"बरं," महिपत म्हणाला.

तो बाहेर गेला. पान्यानं व्हॅनचा आरसा सोडवला. दोन्ही हातांत धरून, पोरीला आणावं तसा हळूहळू मांडवात घेऊन आला आणि नवरीच्या पाटावर ठेवला.

"हे काय?" रंगराव म्हणाले.

"वैजू. ह्याच्यातच होती. नीट बघा, लांब दिसेल."

रंगरावांचं डोकं फिरलंच होतं. लग्न मोडलं असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण माणूस वाकून बघतोच. आरशात आधी स्वतःचा फेटा दिसला. फेट्यामागे मांडवाचं दार, आणि दाराच्या पार पलीकडे रस्त्यावर मुंगीएवढी एक स्कूटर. स्कूटरवर तिघं, मधलीच्या कपाळाला मुंडावळ्या.

"लई लांब आहे की," रंगराव म्हणाले.

"मग जवळच," महिपत म्हणाला.

तोवर स्कूटर दारात आली. गॅरेज बंद करून लग्नाला निघालेला बशीरभाई पुढे, मध्ये नवरी, मागे अक्का. अकरा तेहतीस. त्या स्कूटरला एकही आरसा नव्हता. लग्न मुहूर्तावर लागलं आणि रंगरावांना मोडायला काही उरलं नाही.

जेवणं झाल्यावर बशीरभाईनं आरसा पुन्हा व्हॅनला बसवला. अक्कानं महिपतला बाजूला घेऊन बोटानं मोजून सांगितलं, "आता आलो तेवढे सगळे बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

"बरं."

पाठवणी झाली. डोळे पुसत अक्का गाडीत येऊन बसली. गाडी हलेना. अक्का म्हणाली चल, महिपत म्हणाला एक कमी आहे. अक्कानं सांगितलं, अरे तिचं लग्न झालं, ती आता इथंच राहणार. महिपतनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि किल्ली काढून खिशात ठेवली. तासभर झाला. शेवटी वऱ्हाडाच्या टेम्पोतल्या चौघांनी उतरून गाडी ढकलली.

गाडी ढकलत ढकलत रस्त्याला लागली. अक्का आरशात बघत होती. सासरच्या दारात वैजू उभी होती, आणि ती लहान लहान होत चालली होती.

"जवळच आहे," महिपत म्हणाला.

त्याचं चुकलं की अक्का लगेच सुधारायची. त्या दिवशी तिनं सुधारलं नाही. ती म्हणाली, "बरं."