निंबाजीचा मनोरा

हा आमच्या शहराचा जुना बंबखाना. काळ्या दगडाच्या या तीन कमानींपैकी मधल्या कमानीतून घोड्यांचा बंब निघायचा. वरच्या मनोऱ्याला चारी बाजूंनी खिडक्या आहेत, कारण फोन यायच्या आधी आग डोळ्यांनीच शोधावी लागे. फोटो सावकाश काढा, आधी ऐकून घ्या. नाहीतर घरी जाऊन नुसता दगड दाखवाल.

इथे म्हणे निंबाजी नावाचा पहारेकरी होता. धूर दिसला की तो घंटा वाजवी आणि ठोक्यांवरून आग कुठल्या भागात आहे ते खालच्यांना कळे. बंब एकच, त्यामुळे पहिली घंटा जिकडची, तिकडे तो धावे. निंबाजी राहायचा बुरूडगल्लीत. सगळी बांबूची कामं, तिथे आग नित्याचीच. पण लोकांची तोंडं कोण धरणार? 'याला आपल्या गल्लीची घंटा बरी आठवते,' असं बोलू लागले. ते त्याच्या जिव्हारी लागलं. खंडोबापुढे बेलभंडारा उचलून त्याने शपथ घेतली, की दोन ठिकाणी धूर दिसला तर माझ्या गल्लीची घंटा मागून वाजवीन.

पुढे एका उन्हाळ्यात, भर दुपारी, दोन धूर एकदम उठले. एक कुंभारवाड्यात, दुसरा बुरूडगल्लीत. निंबाजीची लेक साळू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, घरात एकटीच झोपली होती. असे सांगतात, की घंटेची दोरी धरून तो थोडा थांबला. मग त्याने कुंभारवाड्याची घंटा वाजवली.

बंब पोचला तर तिथे आग नव्हतीच. कुंभारांनी नवी, मोठी भट्टी लावली होती, तिचा तो धूर. घोडे वळवून बुरूडगल्लीत येईपर्यंत साळू गेली होती, आणि पोटातलं बाळही. शपथ पाळणाऱ्याच्या वाट्याला हे यावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी भट्टीवाला म्हादबा कुंभार रडत मनोरा चढून आला. निंबाजीने त्याला बोल लावला नाही. एवढंच म्हणाला, "पेटवायच्या आधी सांगायचं होतं रं, म्हादबा."

त्यानंतर तो घरी गेलाच नाही. या मनोऱ्यातच राहिला आणि इथेच वारला म्हणतात.

आता इथे पहारा नाही, बंबही नव्या इमारतीत गेले. आजही मात्र कुंभारवाड्यात भट्टी पेटवायची असली, की आधी तिथलं कुणीतरी मनोरा चढून येतं आणि रिकाम्या खिडकीपाशी हात जोडून सांगतं, "धूर आमचा हाय, निंबाजीबाबा. तुम्ही साळूकडं जावा."